ओसाकात एक दिवस, खाण्याचा आणि खरेदीचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्चअखेर चेरी फुलायला लागली की आमच्या ओसाकाच्या घरी पाहुण्यांचा हंगाम सुरू होतो, तो थेट दिवाळीच्या सुट्टीपर्यंत. आत्याच्या शेजारच्या काकू, नवऱ्याच्या मित्राचे सासू-सासरे, असं कुणीतरी असतंच. टोकियो आणि क्योतो झालेलं असतं, हातात एकच दिवस उरलेला असतो आणि प्रश्न ठरलेले असतात. दरवेळी तेच सांगण्यापेक्षा म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं.

एकच दिवस आहे. तो ओसाकाला का द्यायचा?

खाण्यासाठी. देवळं बघायची तर क्योतो आहे, मोठं शहर बघायचं तर टोकियो आहे. जपानीत एक म्हण आहे: क्योतोचा माणूस कपड्यांपायी कंगाल होतो, ओसाकाचा खाण्यापायी. त्या खाऊन कंगाल होण्याला 'कुइदाओरे' म्हणतात आणि इथली माणसं हा शब्द शरमेने नाही, छाती फुगवून सांगतात.

याच्या मागे व्यापार आहे. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, देशभरच्या सरदारांचा तांदूळ ओसाकाच्या गोदामांत येऊन पडायचा. दोजिमाच्या तांदूळ बाजाराला १७३० मध्ये सरकारी मान्यता मिळाली आणि तिथे वायद्याचे सौदे होऊ लागले. जगातला पहिला संघटित वायदेबाजार म्हणून त्याचं नाव घेतात. म्हणूनच या शहराला 'देशाचं स्वयंपाकघर' म्हणतात. उत्तरेकडच्या होक्काइदोहून जहाजं भरभरून कोंबू, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ, इथे उतरायचं. त्या कोंबूचं पाणी म्हणजे इथल्या 'दाशी'चा, म्हणजे रश्शाचा, पाया, आणि ओसाकाच्या जवळजवळ प्रत्येक पदार्थाचा जीव त्या दाशीत आहे. हा शब्द लक्षात ठेवा, शाकाहाऱ्यांच्या प्रश्नात तो पुन्हा येणार आहे आणि तिथे तो तितकासा आनंदाचा नाही.

दिवसाचा क्रम कसा ठेवायचा?

मी पाहुण्यांना असं नेते: सकाळी नऊ-साडेनऊला कुरोमोन बाजार, तिथून पायी दोगुयासुजी ही भांड्यांची गल्ली, दुपारी होझेनजीचं देऊळ आणि दोतोनबोरीचा कालवा, मग शिनसाईबाशीची छताखालची बाजारपेठ, आणि संध्याकाळी एकतर उमेदाला डिपार्टमेंट स्टोअरचं तळघर नाहीतर शिनसेकाईत तळण. शिनसाईबाशीपर्यंत सगळं पायी होतं. पुढे लाल रंगाची मिदोसुजी मेट्रो घ्यायची. ती १९३३ पासून धावतेय आणि नांबाहून उमेदाला दहा मिनिटांच्या आत पोचवते.

एकच अट: हॉटेलातला भरपेट नाश्ता करू नका. सकाळी बुफेवर तुटून पडलेला माणूस बारा वाजेपर्यंत ओसाकाला निरुपयोगी असतो. घासाघासाने खायचं, तीन-चार जणांत एक प्लेट.

आणि फार लवकर निघूनही उपयोग नाही. डिपार्टमेंट स्टोअर दहाला उघडतात, बाजारपेठेतली बरीच दुकानं अकराला. पहाटे उठायची सवय जात नसेल तर किझुचा घाऊक बाजार आहे, तो उजाडायच्या आत सुरू होतो. रविवारी मात्र बंद.

कुरोमोन बाजार पर्यटकांनी भरलाय आणि महाग झालाय म्हणतात. जावं का?

दोन्ही खरं आहे. तरी जा. पाऊण तास पुरे.

'कुरोमोन' म्हणजे काळा दरवाजा. जवळच्या एका देवळाच्या काळ्या दरवाजावरून हे नाव पडलं. साधारण ५८० मीटरची छताखालची गल्ली आणि दीडशेच्या आसपास दुकानं. पूर्वी शहरातले खानसामे इथून मासळी न्यायचे. आता दुकानापुढेच खेकड्याचे पाय भाजून देतात, गोमांसाच्या सळ्या देतात, साखरेच्या पाकातल्या स्ट्रॉबेऱ्या देतात, आणि पाटीवरचा आकडा बघून आपण मनातल्या मनात रुपये करायला लागतो. खेकडा आणि वाग्यू, म्हणजे महागडं जपानी गोमांस, यांच्या नादी लागू नका. लोणच्यांची दुकानं बघा, सोयाबीनच्या दुधाचं दुकान बघा, वाळवलेल्या मासळीचा ढीग बघा, आणि भाव न लिहिलेल्या दुकानापुढे थांबूच नका. पाच वाजता बाजार आवरायला लागतो, म्हणून तो सकाळीच उरकायचा.

ताकोयाकी म्हणजे आपले आप्पेच ना?

तवा बघितला तर हो. ताकोयाकीचा बिडाचा तवा आणि आजीचं आप्पेपात्र शेजारी ठेवलं तर कुणीही बहिणी म्हणेल. पण पीठ अगदी वेगळं: गव्हाचं पीठ, अंडं आणि भरपूर दाशी, ताकाइतकं पातळ. ते खळग्यांत मावेल एवढं न ओतता अख्ख्या तव्यावर पसरतात. मग ऑक्टोपसचा तुकडा, कांद्याची पात, लाल आलं. कडेला जमलेलं पीठ टोच्याने कापून कापून आत ढकलत गोळा वळवत राहायचं. हात असा चालतो की बघतच राहावं. आप्पा आतून जाळीदार व्हायला हवा, ताकोयाकी आतून वाहती राहायला हवी. म्हणूनच पहिला गोळा अख्खा तोंडात टाकणाऱ्याची जीभ भाजते. आमच्याकडे आलेल्या प्रत्येकाची भाजली आहे, आधी सांगूनसुद्धा.

आइझुया या दुकानाने १९३५ मध्ये गोळ्यात ऑक्टोपस घालायला सुरुवात केली असं मानतात. त्याआधी त्यात गोमांस आणि कोन्न्याकु, म्हणजे एका कंदाची जेलीसारखी वडी, असायची. त्यांची ताकोयाकी आजही सॉसशिवाय मिळते आणि मला तीच आवडते. दाशीची चव झाकली जात नाही. बाकी ठिकाणी वर गोड-तिखट सॉस, मेयोनेज आणि बोनितो माशाचे कीस, जे गरम वाफेने हलत असतात. मुलं घाबरतात, मग हसतात. सहा ते आठ गोळ्यांना ५०० ते ८०० येन.

आणि ओकोनोमियाकी?

कोबी घातलेलं जाड धिरडं. 'ओकोनोमी' म्हणजे 'तुमच्या आवडीचं'. ओसाकात सगळं पिठात कालवून भाजतात, हिरोशिमात थर रचतात, आणि कुठलं खरं यावर वाद घालायला दोन्हीकडची माणसं कायम तयार असतात. तवा टेबलातच असतो, तुकडे छोट्या उलथन्याने कापायचे. १००० ते १५०० येन. दोघांत एक पुरतं.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

उपाशी नाही राहणार, पण बेसावध राहिलात तर फसाल. इथे अडचण मांसाची नाही, दाशीची आहे. ओसाकाच्या दाशीत कोंबू असतं तसा बहुधा बोनितो मासाही असतो. कित्सुने उदोन दिसायला संपूर्ण शाकाहारी: पांढऱ्या जाड शेवया, वर गोडसर तळलेल्या तोफूचा चौकोन. हा पदार्थ ओसाकातच १८९३ च्या सुमारास जन्मला असं सांगतात आणि मी स्वतः आठवड्यातून एकदा तरी खाते. पण त्याचा रस्सा माशाचा. तेम्पुराच्या, म्हणजे भज्यांसारख्या तळलेल्या, भाज्या भाज्याच असतात, बुडवायचं पाणी माशाचं. ओकोनोमियाकी मांसाशिवाय मागितली तरी पिठात दाशी. मिसो सूपही तसंच.

'मी व्हेजिटेरियन आहे' एवढं सांगून भागत नाही. समोरचा मनापासून मान डोलावतो आणि मांस काढून मासा तसाच ठेवतो. हे वाक्य पाठ करा: "निकु तो साकाना ओ ताबेमासेन. साकाना नो दाशी मो दामे देसु." मांस-मासे खात नाही, माशाची दाशीही चालत नाही. मग नाही म्हणतील, पण खरं सांगतील.

आता काय खायचं ते. सुशीच्या दुकानात कापामाकी, म्हणजे काकडीची गुंडाळी. उकडलेल्या शेंगांसारखे एदामामे, म्हणजे कोवळं सोयाबीन. थंड तोफू, वरचा माशाचा कीस नको सांगून. भाजलेलं रताळं, हिवाळ्यात सुपरमार्केटच्या दारातच गरम मिळतं आणि एकादशीची आठवण काढत खाल्लं जातं. चोवीस तास उघड्या कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानांत, ओनिगिरी, म्हणजे भाताचे त्रिकोण, असतात. त्यातले आंबट उमेबोशीचे (खारवलेलं जपानी फळ) आणि कोंबूचे बरे वाटतात, पण वेष्टनावरच्या यादीत माशाचा अर्क आहे का ते फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून बघा.

गोडात तर तुम्ही राजे आहात. मिताराशी दांगो, दाइफुकु, वाराबिमोची: तांदूळ, कंदाचं पीठ, अझुकी डाळ, साखर. उकडीच्या मोदकावर वाढलेल्या जिभेला मोची, म्हणजे चिकट तांदळाचा गोळा, परकी वाटत नाही. होझेनजीच्या बोळात मेओतो झेन्झाई मिळतं, हे तर मी सगळ्यांना हट्टाने खायला लावते. अझुकीचं गरम गोड सार, त्यात मोचीचा गोळा, सोबत चिमूटभर खारवलेलं कोंबू. एका माणसाचं खाणं दोन वाट्यांत वाढतात, कारण मेओतो म्हणजे नवरा-बायको. १८८३ पासून चाललंय. शेजारीच फुदो म्योओची मूर्ती आहे, आपल्याकडच्या बौद्ध परंपरेतला अचल. लोक नवस बोलून तिच्यावर पाणी ओततात, त्यामुळे सगळी मूर्ती शेवाळाने हिरवीगार मखमली झाली आहे. माझ्या सासूबाईंनी कुणी न सांगता ओघराळं उचललं आणि अभिषेक केला.

कांदा-लसूणही नको असेल तर बाहेर खाणं खरंच कठीण आहे; डबा बांधा. जेवणच हवं असेल तर शिनसाईबाशी ते होनमाची भागात भारतीय हॉटेलं आहेत.

मांसाहार चालतो, पण गोमांस नाही. काय सांभाळायचं?

'निकु' या शब्दाला. बाकी जपानात निकु म्हणजे कुठलंही मांस. ओसाकाच्या बाजूला नुसतं निकु म्हटलं की गोमांस. म्हणून बाकी देशात ज्या वाफवलेल्या पावाला 'निकुमान' म्हणतात त्याला इथे 'बुतामान' म्हणतात, 'बुता' म्हणजे डुक्कर. ५५१ होराईचे बुतामान लोक बुलेट ट्रेनमध्ये घेऊन चढतात आणि अख्ख्या डब्याला वास येतो, यावर इथे पिढ्यान्‌पिढ्या विनोद चालू आहेत.

निकु-उदोन म्हणजे गोमांसाचं. करीही बहुधा गोमांसाचीच, नांबातल्या जियुकेनची सुद्धा. हे दुकान १९१० पासूनचं. भात आणि करी आधीच कालवून वर कच्चं अंडं फोडून देतात. कोंबडी हवी तर 'तोरी' म्हणा.

चालता चालता खाल्लं तर चालतं का?

कुणी ओरडणार नाही, पण बरं दिसत नाही. घेतलं तिथेच उभं राहून खायचं. काडी आणि द्रोण त्याच दुकानदाराला परत द्यायचा, कारण पुढे कचऱ्याचा डबा सापडेल याची खात्री नाही. एक रिकामी पिशवी पर्समध्ये ठेवाच. रस्त्यावर सिगारेट मात्र अजिबात नाही. जानेवारी २०२५ पासून सगळ्या शहरात बंदी आहे आणि दंड होतो.

दोतोनबोरीला त्या धावणाऱ्या माणसासोबत फोटो काढायचाच आहे.

काढा. पाच मिनिटं. ग्लिको या मिठाई कंपनीची ती पाटी पहिल्यांदा १९३५ मध्ये लागली, आता दिसते ती सहावी, २०१४ ची. मला त्या पाटीपेक्षा खालचा कालवा मोठा वाटतो. यासुई दोतोन नावाच्या माणसाने १६१२ मध्ये तो खणायला घेतला, ओसाकाच्या लढाईत तो मारला गेला आणि १६१५ मध्ये उरलेल्यांनी काम पुरं केलं. त्याचंच नाव कालव्याला आहे. पाय हलवणारा प्रचंड खेकडा बघा, गर्दी बघा आणि कालव्यालगतच्या चकचकीत दुकानांत न जेवता मागच्या गल्लीत शिरा.

खरेदी काय करायची? इथे नवीन काय मिळतं?

आधी काय घ्यायचं नाही ते सांगते. युनिक्लो आणि मुजी मुंबईत आहेत. त्यांच्या रांगेत दिवसाचे दोन तास घालवणारे पाहुणे मी बघितले आहेत आणि मनातल्या मनात हात जोडले आहेत.

दोगुयासुजीला जा. नांबाजवळची जेमतेम दीडशे मीटरची गल्ली, पण शहरातली हॉटेलं जिथून सामान नेतात ती. तुळशीबागेत भांड्यांच्या दुकानात हरवणारी माणसं इथे दुपारपर्यंत सापडत नाहीत. काचेच्या कपाटात मांडतात ते मेणा-प्लास्टिकचे खोटे पदार्थ, कागदी कंदील, दुकानाच्या दारातले कापडी पडदे, किसण्या, मातीची भांडी, लाकडी चमचे. ताकोयाकीचा बिडाचा तवा इथेच घ्या, गॅसवर आप्पे उत्तम होतात. विजेवरचा तवा घेऊ नका. जपानात वीज १०० व्होल्टची आहे, आपल्याकडे २३० ची. माझ्या मामाने भात शिजवायचा महागडा कुकर नेला, पुण्यात लावला, एक आवाज झाला आणि संपलं. तेव्हापासून विजेचं काहीही घेताना मी मध्ये पडते.

माझी पहिली शिफारस मात्र सुरीची. ओसाकाच्या दक्षिणेला लागून साकाई हे शहर आहे, तिथे सुऱ्या घडवायची परंपरा कित्येक शतकांची. जपानभरचे खानसामे साकाईची सुरी वापरतात. बऱ्याच पारंपरिक जपानी सुऱ्यांना धार एकाच बाजूने असते. ती मुख्यतः मासा कापायला. आपल्या घरात भाजीसाठी दोन्ही बाजूंनी धार असलेली घ्या. पोलाद साधं असेल तर धार अप्रतिम, पण ओली ठेवली की गंजते. घरात सगळेच काळजी घेणारे नसतील तर स्टेनलेस बरी. बरीच दुकानं पात्यावर नाव कोरून देतात, देवनागरीत मात्र नाही! सुरी बंद खोक्यातच ठेवा, हॉटेलात नेऊन पोचवा, आणि विमानात ती चेक-इन बॅगेतच गेली पाहिजे.

दुसरी वस्तू कोंबू. वाळलेली, हलकी, महिनोन्‌महिने टिकणारी आणि खरी ओसाकाची. एक तुकडा रात्री पाण्यात टाकला की सकाळी शाकाहारी दाशी तयार. मी ती आमटीतही घालते, आईला सांगितलेलं नाही.

शिनसाईबाशी आणि ती मोठी डिपार्टमेंट स्टोअर?

शिनसाईबाशी-सुजी ही साधारण ६०० मीटरची छत असलेली बाजारपेठ, पावसात फारच सोयीची. औषधांची दुकानं, सौंदर्यप्रसाधनं, मोजे. शेजारचं दाइमारू आतून पाहण्यासारखं आहे: १९३३ ची जुनी इमारत पाडून नवी बांधली, पण दर्शनी भिंत आणि आतलं नक्षीकाम जपलं.

खरी मजा तळघरात असते, त्याला 'देपाचिका' म्हणतात. उमेदाचं हानक्यू यात सर्वांत भरगच्च. १९२९ मध्ये उघडलेलं हे रेल्वे कंपनीनेच स्टेशनात काढलेलं जगातलं पहिलं डिपार्टमेंट स्टोअर. मंदीच्या काळात लोक तिथल्या उपाहारगृहात नुसता भात मागवायचे आणि टेबलावरचा फुकटचा सॉस ओतून जेवायचे. मालक कोबायाशी इचिझो यांनी त्यांना हाकललं नाही, उलट नुसता भात घेणाऱ्यांचंही स्वागत आहे असं जाहीर केलं. आज ते गरीब आहेत, उद्या मुलाबाळांना घेऊन येतील, हा हिशोब. व्यापारी शहर ते हे असं.

तळघरात संध्याकाळी सातनंतर जा. डब्यांवर सवलतीचे स्टिकर चिकटायला लागतात. ते स्टिकर लावणाऱ्या माणसाच्या मागे सभ्यपणे घुटमळणं हा इथला सार्वजनिक खेळ आहे.

करमुक्त खरेदी कशी करायची?

पासपोर्ट जवळ हवा, फोटो चालत नाही. कर १० टक्के, बांधून नेलेल्या खाण्यावर ८. एका दुकानात एका दिवशी कर सोडून ५००० येन किंवा जास्त खरेदी झाली की सवलत. १ नोव्हेंबर २०२६ पासून पद्धत बदलते: दुकानात पूर्ण पैसे भरायचे आणि परत निघताना विमानतळावर तपासणी झाल्यावर कर परत मिळणार. तेव्हा सामान तपासायला दाखवता येईल असं ठेवा आणि विमानतळावर वेळ राखून पोचा.

घासाघीस चालते का? जपानी येत नाही, अडेल का?

मोठ्या दुकानांत नाही. पण जपानात भाव करणारी माणसं असतील तर ती ओसाकाचीच, अशी ख्याती आहे. दोगुयासुजीत तीन-चार वस्तू एकदम घेतल्या तर हसून विचारायला हरकत नाही. किंमत विचारायला इथला शब्द 'नानबो?', आणि आभार मानायला 'ओकिनी'. एवढे दोन शब्द बोललात तरी गल्ल्यावरच्या आजी खूश होतात. कदाचित पर्समधून एक गोळी काढून हातावर ठेवतील. घ्या, नाही म्हणू नका.

किती पैसे लागतील?

माणशी खाण्याला ४००० ते ५००० येन धरा. १०० येन म्हणजे गेल्या काही वर्षांत साधारण ५५ ते ६० रुपये. छोट्या ठेल्यांवर रोख लागते. टीप देऊ नका, धावत परत आणून देतील.

संध्याकाळी शिनसेकाईला काय आहे?

कुशिकात्सु: काडीला लावलेलं काहीही, चुऱ्यात घोळवून तळलेलं. १९२९ पासून इथे मजुरांचं स्वस्त खाणं म्हणून चाललंय. रताळं, कमळकाकडी, शतावरी, कांदा असं भाज्यांचंही मिळतं, पण पीठ आणि तेल सामायिक असतं. सॉसमध्ये काडी एकदाच बुडवायची, उष्टी काडी पुन्हा नाही, हा इथला कडक नियम. उष्ट्या-खरकट्याचा विचार आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. करोनानंतर अनेक दुकानांनी सॉसची बाटलीच ठेवली आहे. वर त्सुतेनकाकु मनोरा, पहिला १९१२ चा, सध्याचा १९५६ चा.

आई-बाबा सत्तरीचे आहेत. झेपेल?

झेपेल, शिनसेकाई गाळा. रस्त्यावर बसायला बाकडी कमी, म्हणून दर दीड तासाने डिपार्टमेंट स्टोअरमध्ये शिरा. स्वच्छतागृह आणि खुर्च्या तिथे असतात. सरकत्या जिन्यावर ओसाकात उजवीकडे उभं राहतात, टोकियोत डावीकडे. त्यामुळे टोकियोहून आलेले बाबा हमखास चुकीच्या बाजूला उभे राहतात.

आणखी एक दिवस मिळाला तर?

शाकाहारी असाल तर नांबाहूनच नानकाई रेल्वेने कोयासानला जा. डोंगरावरच्या देवळांत मुक्काम करता येतो आणि जेवण शोजिन र्‍योरी, म्हणजे मांस-मासे वर्ज्य असलेलं भिक्षूंचं जेवण, त्यातली दाशीही कोंबूची. तिथल्या कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, २०१५ मध्ये बसवलेला. जैन पाहुण्यांना मी कोबेला पाठवते: उमेदाहून अर्ध्या तासावर, कितानो भागात १९८५ चं संगमरवरी जैन मंदिर आहे. आणि दोन्ही नको असेल तर पुन्हा दोगुयासुजी. परवा ठाण्याच्या काकू गेल्या तिसऱ्यांदा, किसणी बदलून आणायला.